उतू गेलेल्या पाण्याचं भांडं

३ ऑगस्ट, मंगळवार

आज माझ्या नवऱ्याची, आग्येमांगची, मोटरसायकल घराबाहेर काढली. तो गेल्यापासून ती स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभी होती आणि कोंबड्या तिच्या सीटवर हक्काने बसायला लागल्या होत्या. हातगाडीवाल्याला बोलावून ती मॅगझिनमध्ये, म्हणजे कुमासीच्या गॅरेजांच्या वस्तीत, बेडियाकोकडे पोचवली.

रविवारी नाना बोआतेंग येऊन निर्णय सांगून गेले. नाना आग्येमांगच्या कुळाचे प्रमुख. त्याच्या बहिणीचा मुलगा फ्रिंपोंग गाडी मागतो आहे. मागणारच. पुरुषाचं जे काही असतं ते बहिणीच्या मुलाचं, आणि बायको पाहुणी. माझ्या मामाचं शिलाई मशीन माझ्या भावाने उचलून नेलं तेव्हा मी मामीकडे बघितलंसुद्धा नव्हतं, तेव्हा आता मी काय बोलणार? तरी बोलले. म्हटलं, नाना, बाकी सगळं न्या, गाडी राहू द्या.

नानांनी काठी जमिनीवर टेकवली. मग म्हणाले, "तेरा नोव्हेंबरला त्याला जाऊन वर्ष होतंय. विधीला गाडी मामपोंगला, कुळाच्या घरी, स्वतःच्या चाकांवर आली तर तुझी. टेम्पोत घालून आणावी लागली तर फ्रिंपोंगची. झालं?"

फ्रिंपोंग हसत होता. त्याला मामपोंगचा चढ माहीत आहे आणि ही गाडी चढावर काय करते तेही माहीत आहे.

दुखणं एवढंच आहे. रेडिएटरमधलं पाणी तापून फुगलं की जास्तीचं पाणी नळीतून बाजूच्या एका छोट्या भांड्यात जातं, आणि गाडी गार झाली की तेच पाणी परत आत ओढलं जातं. ते भांडं फुटलं आहे. तसलं नवीन मिळत नाही, गाडी बनवणाऱ्यांनीच ते मॉडेल कधीचं बंद केलं. त्यामुळे गेलेलं पाणी रस्त्यावर जातं आणि गाडी तहानेने मरते. हे मला कुणी सांगितलं नाही. मी वाचायला शिकले ते या गाडीच्या पुस्तिकेवरून. आग्येमांग अंघोळीला गेला की मी ती उघडायची.

बेडियाको म्हणाला, "मावशी, भांडं बनवावं लागेल. बनवू."

हा माणूस माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे. आग्येमांग होता तेव्हा हाच मला भर रस्त्यात "बायको, आज जेवायला काय?" अशी हाक मारायचा. मित्राची बायको म्हणजे सगळ्यांचीच बायको, सगळेच म्हणतात, त्यात काही नसतं. आता मी वर्षभर विधवेच्या काळ्या कपड्यांत आहे, तर एकदम मावशी. माणसं किती लवकर परकी होतात.

१२ ऑगस्ट, गुरुवार

पहिलं भांडं: पाण्याची प्लॅस्टिकची बाटली. बेडियाकोने ती तारेने सायलेन्सरच्या अगदी शेजारी बांधली. मी म्हटलं, "मास्टर, ही वितळेल."

"वितळेल म्हणता?" असं म्हणून त्याने गाडी चालू केली. आम्ही दोघं बाटलीकडे बघत बसलो. थोड्या वेळाने तिने मान टाकली.

"तुमचं बरोबर होतं," तो म्हणाला. तीस वर्षं गाड्या दुरुस्त करतो आहे!

हिरवं पाणी, म्हणजे ते कूलंट, तो श्नॅप्स दारूच्या रिकाम्या चौकोनी बाटलीत ठेवतो. मॅगझिनमधले सगळेच ठेवतात. मी म्हटलं, त्यावर निदान कागद तरी चिकटवा. म्हणाला, इथे सगळ्यांना माहीत आहे.

निघताना त्याने विचारलं, घरात एखादं फुटकं अॅल्युमिनियमचं पातेलं आहे का. माझं भाताचं मोठं पातेलं तळाला चिरलं आहे. आग्येमांगने त्याला दोनदा डाग दिला होता. संध्याकाळी आणून देईन म्हटलं.

दिलं. द्यायला जड गेलं, पण पातेलंच ते.

३१ ऑगस्ट, मंगळवार

दुसरं भांडं: कोकोचा डबा, झाकण डाग देऊन बंद केलेलं. हवेला जायला भोकच ठेवलं नाही. पुस्तिकेत चित्र आहे, त्यात बाण आहे, बाणाजवळ लिहिलं आहे. मी ते वाचून दाखवेपर्यंत डाग फाटून झाकण उडालं आणि शेजारच्या टायरवाल्याच्या टोपलीत जाऊन पडलं.

"पुस्तक रोज आणत जा," बेडियाको म्हणाला. "त्याशिवाय जमायचं नाही."

मी विचारलं, पातेल्याचं काय झालं? म्हणाला, वितळवलं. त्यात आग्येमांगचा एक जुना पिस्टनही टाकला, जपून ठेवला होता. मग त्याचं भांडं कुठे आहे? तर ओतकाम फसलं म्हणे. इकडे तिकडे बघत म्हणाला. लाज वाटली असणार. मला पातेल्याचं वाईट वाटलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

गॅरेजच्या दारात पोकुआ तळलेली केळी आणि पामतेलातली चवळी विकते. तिच्याकडे रोज जेवते हल्ली. मॅगझिनला गेलं की दुपार होतेच.

"आज काय फुटलं?" तिने विचारलं.

"झाकण."

"चांगलं आहे. नोव्हेंबरपर्यंत पुरेल इतकं फुटायला हवं ना काहीतरी."

मी तिला समजावलं की नोव्हेंबरच्या आत गाडी नीट व्हायला हवी, नाहीतर फ्रिंपोंग नेईल. ती म्हणाली, "बाई, तुला वाचता येतं हे खरं आहे का गं?" आणि माझ्या पानावर एक केळं जास्त टाकलं. पोकुआ मनाने चांगली आहे, पण विषय धरून बोलत नाही.

२१ सप्टेंबर, मंगळवार

बाजारात दुकान लावलं. बटणं, दोरा, चेन, सगळं आहे, गिऱ्हाईक नाही. सगळे विचारतात, तुला गाडी चालवता येत नाही, मग ती हवी कशाला? मी बटणं मोजत राहते.

संध्याकाळी कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला की मी तेलात केळी सोडायची. तो फाटक लावून, हात धुऊन येईपर्यंत ती तांबूस व्हायची. एवढंच. हे नानांना सांगून काय उपयोग?

हल्ली केळी करपतात. कधी टाकायची ते कळत नाही.

१० ऑक्टोबर, रविवार

काल लावलेलं तिसरं भांडं दिसायला छान होतं. अॅल्युमिनियमचा पत्रा, स्वच्छ वेल्डिंग, हवेचं भोक, झाकणाला चेन. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. गाडी तापवली, पाणी भांड्यात आलं. गार केली. पाणी भांड्यातच राहिलं, परत गेलंच नाही.

तीन वेळा करून बघितलं. बेडियाको डोकं खाजवत होता. "भुताटकी दिसते," म्हणाला.

मी घरी येऊन पुस्तिका काढली आणि पान सापडलं. नळी भांड्यात वरच्या वर संपते आहे! ती तळाशी, पाण्यात बुडलेली हवी, नाहीतर गाडी पाणी ओढायच्या ऐवजी हवा ओढते. पाण्याच्या वर काडी धरून कुणी पिऊ शकतं का? आज चर्च सुटल्यावर तशीच गॅरेजात गेले आणि सांगितलं.

बेडियाको माझ्याकडे बघत राहिला. "हे तुम्ही स्वतः शोधून काढलंत?"

"मग कोण येणार होतं सांगायला?"

"आग्येमांग म्हणायचा, माझी बायको माझ्यापेक्षा हुशार आहे. मला वाटायचं, प्रेमाने म्हणतो."

मी म्हटलं, नळी बदला.

खरं तर मला या माणसाची काळजी वाटायला लागली आहे. मी तिथे बसलेली असताना एक जण अशाच गाडीचं असंच भांडं करून घ्यायला आला. बेडियाकोने पत्रा कापला, वेल्डिंग केलं, नळी तळापर्यंत घातली आणि त्याला संध्याकाळच्या आत वाटेला लावलं. त्याचं एका दिवसात होतं. आमची गाडी कठीण असणार.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

आज फ्रिंपोंग गॅरेजात आला होता. गाडीभोवती फिरला, टायर दाबून बघितला, जणू बकरी घ्यायला आला आहे.

"मामी, कशाला जिवाला त्रास देताय? मी नीट सांभाळीन."

"विकशील."

"विकणं म्हणजे सांभाळणंच आहे, पैशाच्या रूपात."

बेडियाको जमिनीवर बसून नट धूत होता. म्हणाला, "फ्रिंपोंग, तुझ्या पिकअपची फळी नीट करून ठेव. गाडी चढवायला लागेल."

मला रागच आला. हा कुणाच्या बाजूने आहे? नळी बदललेलं भांडंसुद्धा आता तळातून झिरपतं आहे. काल झिरपत नव्हतं. दोन आठवडे राहिले आणि या माणसाला थट्टा सुचते आहे. घरी येताना ठरवलं की सोमवारी दुसरा फिटर बघायचा.

२ नोव्हेंबर, मंगळवार

दुसरा फिटर बघायचं सांगितल्यावर बेडियाकोचा चेहरा पडला. हातातला पाना खाली ठेवला, परत उचलला.

"शुक्रवारी या," म्हणाला. "शुक्रवारी जमलं नाही तर मी स्वतः गाडी दुसऱ्याकडे पोचवीन."

त्याला एवढं लागेल असं वाटलं नव्हतं. गिऱ्हाईक जातं तेव्हा कुणालाही लागतंच म्हणा.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

भांडं झालं.

ओतीव आहे, काल रात्री ओतलं म्हणे. आमच्या भाताच्या पातेल्यासारखंच जाड, कडा गोल केलेल्या, चौकटीच्या पोटात असं बसतं की तिथेच जन्मल्यासारखं वाटावं. नळी तळापर्यंत. हवेचं भोक. पाणी गेलं, परत आलं. परत गेलं, परत आलं. एक थेंब सांडला नाही.

मी खूश झाले, पण चूक ती चूक. काल रात्रीत ओतलेल्या भांड्यात कोळ्याचं जाळं होतं! चांगलं जुनं, धुळीने भरलेलं, मधे एक वाळलेली माशी. मी काडीने काढलं आणि म्हटलं, "मास्टर, नव्या वस्तूत इतकी घाण कशी जाते तुमच्याकडे?"

"इथले कोळी फार उद्योगी आहेत," तो म्हणाला.

बाहेर पोकुआला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला झारा खाली ठेवावा लागला.

१४ नोव्हेंबर, रविवार

काल वर्ष झालं. क्रमाने लिहिते.

सकाळी बेडियाको गाडी घेऊन निघाला. मी मागून ट्रोट्रो मिनिबसने, पिशवीत पूर्वजांना पाजायला नानांसाठी श्नॅप्सची बाटली, मांडीवर विधीनंतर नेसायचे पांढरे कपडे. त्याच्या मागे बसून जायचा विचार मी केला होता, जागा होती. पोकुआ म्हणाली, "नवऱ्याच्या वर्षाला? काळ्या कपड्यांत? दुसऱ्याच्या मागे? अजून एक दिवस थांब की." एका दिवसाने काय फरक पडणार होता कोण जाणे, पण नाही बसले.

न्तोन्सो, अगोना, जमासी ही गावं मागे पडली. तोपर्यंत गाडी पुढे दिसत होती. मग चढ लागला आणि ती दिसेनाशी झाली. अर्ध्या चढावर वळलो तर रस्त्याच्या कडेला उभी. बेडियाको शेजारी दगडावर. आणि मागे फ्रिंपोंगची पिकअप, फळी उघडलेली.

मी ओरडून ट्रोट्रो थांबवली.

"मास्टर, फळी नवी केली आहे," फ्रिंपोंग म्हणत होता. "या, धरा एका बाजूने."

"गाडी पाणी पिते आहे," बेडियाको म्हणाला. "जेवत्या माणसाला कुणी ताटावरून उठवतं का?"

मी जवळ जाऊन भांड्याला कान लावला. गरम होतं, कान भाजला. आत बारीक गुडगुड चालली होती. पाणी परत जात होतं. सबंध वर्षात मी इतकं गोड काही ऐकलं नव्हतं. मग गुडगुड थांबली, बेडियाकोने सीटमागच्या चौकोनी बाटलीतून थोडं हिरवं पाणी वर टाकलं, बाटली परत बांधली, किक मारली, आणि गाडी गेली. फ्रिंपोंगला फळी परत लावायला बराच वेळ लागला.

पण मामपोंगला पोचल्यावर त्याने अंगणात सगळ्यांसमोर सांगितलंच. "नाना, अर्ध्या चढावर बंद पडली होती. मी डोळ्यांनी बघितली."

"बंद पडली नव्हती," बेडियाको म्हणाला. "मी बंद केली होती."

"उभी होती की नाही?"

"तू पण उभा होतास. मेलास का?"

लोक हसले. नाना हसले नाहीत. चाकं फिरायला हवीत असं ते बोलले होते, मधे थांबायचं काही बोलले नव्हते, आणि आता त्यांच्या कपाळावर तो विचार दिसत होता. बाजूला मोठ्या नणंदबाई मान हलवत होत्या, म्हणजे निकाल लागल्यातच जमा होता.

"आधी गेलेल्यांना पाजू," नाना म्हणाले. "मग बघू." आणि गाडीजवळ जाऊन त्यांनी सीटमागची चौकोनी हिरवी बाटली सोडवली.

त्यांची तरी काय चूक? विधवेने बाटली आणायची असते. बाटली दिसली. माझी खरी बाटली पिशवीत, हातभर अंतरावर होती.

त्यांनी चपला काढल्या, खांद्यावरचं वस्त्र खाली घेतलं, ग्लास भरला. आता बोलायचं नाही. पूर्वजांना हाक मारणं सुरू झाल्यावर मधे कुणी तोंड उघडत नाही, घराला आग लागली तरी. नाना जमिनीवर थेंब टाकत एकेकाला बोलावू लागले. "या, हे घ्या, प्या." मी आणि बेडियाकोने एकमेकांकडे बघितलं. सगळे म्हणत होते, तसंच घडो. आम्हीही म्हटलं, तसंच घडो. हिरवं पाणी मातीत मुरत होतं. नानांचे वडील, त्यांचे मामा, मामांचे मामा, सगळ्यांना मिळालं. शेवटी "आग्येमांग, तूही ये," म्हणून त्यांनी जरा जास्तच ओतलं.

मला हसू आलं. वर्षभरात पहिल्यांदा, आणि कुठे तर तिथे. तोंडात पदर कोंबला. बायकांना वाटलं रडते आहे, त्यांनी पाठीवरून हात फिरवले. मग खरंच रडले.

पाजून झालं. उरलेलं पाजणाऱ्याने प्यायचं असतं. नानांनी ग्लास ओठाला नेला, तेव्हा बेडियाकोने झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं.

"नाना, नको! ते रेडिएटरचं आहे. विष आहे."

नानांनी ग्लास नाकाशी नेला. मग मातीतल्या हिरव्या डागाकडे बघितलं. मग आमच्या सगळ्यांकडे, एकेक करून. त्यांच्या हातून कुळातल्या सगळ्या पूर्वजांना गाडीचं पाणी पाजून झालं होतं आणि सगळ्यांनी तसंच घडो म्हटलं होतं.

"बरोबर आहे," नाना शेवटी म्हणाले. आवाज अगदी शांत. "तो जन्मभर गाडीवर होता. त्याला दुसरं काय पाजायचं?"

"पण नाना, गाडी..." फ्रिंपोंगने सुरुवात केली.

"जिच्या घरचं पाणी पूर्वजांनी प्यायलं, तिच्या घरातून गाडी काढून आणायची म्हणतोस? तूच सांग त्यांना. उद्या रात्री येतील तुझ्याकडे विचारायला."

बेडियाको फावड्याने डागावर माती ओढत होता, शेळ्या चाटतील म्हणून.

मला बाजूला घेऊन नाना म्हणाले, "ही गोष्ट कुमासीत कुणाला कळायला नको." मी शब्द दिला. मग आत जाऊन काळं उतरवलं आणि पांढरं नेसले. बाहेर आले तेव्हा बेडियाको गाडीशी उभा होता. त्याने वर बघितलं आणि बघतच राहिला. कपड्यांवर काही डाग पडला आहे की काय म्हणून मी पाहिलं. नव्हता.

"अद्वोआ," तो म्हणाला. "तुझी गाडी बुधवारी घरी आणतो."

मावशी म्हणायचं विसरला. थकला असेल, सकाळपासून उन्हात होता.

१७ नोव्हेंबर, बुधवार

मी कुणालाच सांगितलं नाही. आज बाजारात पोकुआ मला सांगत होती, ओतताना नाना नेमकं काय म्हणाले ते.

संध्याकाळी कोपऱ्यावर तो आवाज आला. माझे हात आपोआप चालले आणि मी केळी तेलात सोडली. मग लक्षात आलं की फाटक उघडून येणार तो दुसराच कुणी आहे. चुलीसमोर उभी राहिले. तेलात टाकलेली केळी काढून घेता येत नाहीत. तांबूस झाली, अगदी वेळेवर.

बेडियाकोने हात धुतले, बसला, सगळी खाल्ली. आग्येमांगच्या खुर्चीवर बसला नाही, पायरीवर बसला. ते मला बरं वाटलं. भांड्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "आता काही करावं लागणार नाही. जन्मभर टिकेल." बोलताना खुशीत दिसला नाही. एवढं चांगलं काम झालं, तरी.

२४ नोव्हेंबर, बुधवार

आठवडाभर मॅगझिनकडे जायचं काही कारण पडलं नाही. दुकानात बसले. पुस्तिका पहिल्या पानापासून परत वाचली. चुका काढायला काही उरलं नाही म्हणून की काय, कंटाळवाणी वाटली.

आज सकाळी गाडी पुसायला घेतली. भांड्याच्या नळीची क्लिप घट्ट होती. पाना माझ्याकडे आहे, आग्येमांगचा. दोन आटे फिरवून बघितले. आता ती सैल आहे आणि खाली एक हिरवा थेंब पडला आहे.

हे काही बरं नाही. पाणी असंच वाया जायला लागलं तर गाडी परत तापेल. दुपारी मास्टरला दाखवून आणते. पांढरं धुवायला टाकलं आहे, निळं घालून जाईन.